नानांचा पिवळा दिवा

कॉम्प्युटरच्या कामात मी सपशेल आपटलो ते फैजपुरात. केळीचे व्यापारी नाना यांना मी डॅशबोर्ड करून दिला होता. कोणत्या गोदामात किती जागा, ते त्यात दिसायचं. आकडे ताजे असले की वर हिरवा दिवा, शिळे झाले की पिवळा. इतकं सोपं, म्हणून मी समजावलंच नाही.

एका दुपारी नानांनी भरलेल्या गोदामाकडे दोन ट्रक धाडले. केळी उन्हात उभी. मी धावतच गेलो.

"नाना, दिवा पिवळा होता ना? मग ट्रक का सोडले?"

"पिवळा झाला म्हणूनच सोडले," नाना शांतपणे म्हणाले. "सकाळपासून हिरवाच होता, म्हणून थांबलो. कच्च्या मालाला हात कोण लावतं?"

आता ताजा आकडा पिवळा दिसतो, शिळा काळा. परवा नाना म्हणाले, "तुझं मशीन शेवटी धंदा शिकलं बघ."