हेडफोनची पिन

(दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. कॅमेरे आणि माइक भाड्याने देणाऱ्या दुकानाची मागची खोली. फिल्म भाचीची, ध्वनिमुद्रक तिचा मामा. लांब नळीचा माइक परत खोक्यात गेला आहे. टेबलावर दोन आखूड माइक उरले आहेत, एक काळा, एक करडा. शूटिंग उद्या सकाळी सातला.)

भाची : पण तो लांबच का नको? सगळे तोच घेतात. लांबचं बोलणंसुद्धा उचलतो म्हणे.

मामा : सगळे रस्त्यावर शूटिंग करतात. तू कुठे करणार आहेस?

भाची : स्वयंपाकघरात.

मामा : केवढं आहे?

भाची : मामा, तू बघून आलायस.

मामा : मी बघून आलोय, तू विसरलीयस. दहा बाय आठ, चारी बाजूंना फरशा, छत हाताला लागतं. तिथे ही नळी लावलीस तर तुझ्या सीनमधल्या दोघी बहिणी विहिरीत उतरून भांडताहेत असं वाटेल. भिंतीवरून परतलेला आवाज तिच्यात शिरतो आणि सगळा गोंधळ करतो. खोलीत आखूडच हवा, तोंडापासून दीड हातावर.

दुकानदार : साहेबांचं बरोबर आहे, ताई. लांब नळी मोकळ्यावर चालते.

भाची : बरं, आखूड. दोघांतला कुठला?

मामा : काळा. करड्याचं भाडं दुप्पट आणि काम तेच. आत्ताच ऐकला मी, स्वच्छ आहे. घे, हेडफोन लाव.

भाची : बोल काहीतरी. हळू बोल.

मामा : सासूबाईंसमोर सांगू नकोस, सकाळीच सांग सगळं. झालं? तुझ्याच पटकथेतलं आहे.

भाची : मागे काहीतरी येतंय. सतत. स्स्स असं.

मामा : एसी असेल.

दुकानदार : एसी बंद आहे, साहेब. तुम्हीच बंद करायला लावलात.

मामा : मग वायर असेल.

भाची : बदलली वायर. तसंच. थांब, करडा लावून बघते... मामा, याच्यावर नाही. काळ्यावर आहे आणि याच्यावर अजिबात नाही.

मामा : मला तर दोन्ही सारखे वाटले.

दुकानदार : तो काळ्याचा स्वतःचाच आवाज आहे, ताई. मोठ्यानं बोलणाऱ्यांत झाकून जातो. कुजबुजीत वर येतो.

भाची : माझा अख्खा सीन कुजबुजीत आहे. पलीकडे सासू झोपलीय. आणि धाकटीचं काम करणारी उद्या संध्याकाळच्या गाडीने सहा महिन्यांसाठी चाललीय. डबिंगला मिळणार नाही. उद्या जे रेकॉर्ड होईल तेवढंच.

मामा : माहीत आहे. म्हणून तर फुकटात आलोय.

भाची : मागच्या फिल्मच्या वेळी...

मामा : त्या हॉलचे स्पीकर भिकार होते.

भाची : मी अजून काही बोललेच नाही.

मामा : सगळे 'स' कानाला टोचत होते, हेच ना? भेटेल त्यानं ऐकवलं मला. स्पीकर भिकार होते.

भाची : नंतर मी ती दुसऱ्या हॉलमध्येही लावली. तिथेही टोचत होते.

मामा : हे मला सांगितलं नाहीस.

भाची : आई म्हणाली, नको सांगूस.

मामा : तुझी आई शाळेपासून माझे निकाल लपवतेय. बरं, परीक्षाच घ्या माझी. ते हेडफोन दे इकडे. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. मालक एकेक माइक लावतील, काळा की करडा ते मी सांगीन. तू गप्प बसायचं.

दुकानदार : साहेब, कशाला उगाच.

मामा : लावा हो.

दुकानदार : लावला.

मामा : करडा.

दुकानदार : बरोबर.

मामा : पुढचा... काळा.

दुकानदार : बरोबर.

मामा : आता पुन्हा करडा.

दुकानदार : बरोबर. झालं समाधान? तिन्ही बरोबर.

मामा : तुझं काय म्हणणं?

भाची : मी गप्प बसायचं होतं.

मामा : आता बोल.

भाची : मालक जागचे हललेसुद्धा नाहीत. तिन्ही वेळा काळाच होता.

मामा : आणि हेडफोनची पिन बघ कुठे आहे.

भाची : तुझ्या मुठीत.

मामा : परीक्षेच्या सुरुवातीपासून. कानात काहीच येत नव्हतं. मालक, अठरा वर्षं येतोय मी या दुकानात. कधी भाड्यात सूट दिली नाहीत, आणि आज मार्क वाढवून देताय?

दुकानदार : चुकलं माझं.

मामा : माझ्या कानांचं कधीपासून माहीत आहे?

दुकानदार : दोनेक वर्षं. तुम्ही आवाजाचा मिक्सर परत आणलात की मी बटणं तपासतो. वरच्या पट्टीतल्या आवाजाचं बटण पूर्वी मधोमध असायचं. मग थोडं पुढे, मग आणखी पुढे. आता टोकाला असतं. मी ते परत मधे आणून ठेवतो. कुणाला बोललो नाही.

मामा : म्हणजे मला ऐकू येईपर्यंत मी वाढवत होतो, आणि लोकांना टोचत होतं.

भाची : मामा, कान एकदा दाखवून तरी ये.

मामा : दाखवले. चार महिने झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलणं ऐकू येत राहील, वरच्या पट्टीतलं गेलंय ते गेलं. मी म्हटलं, बोलण्यासाठीच तर माइक लावायचा असतो. तेवढं पुरेल.

भाची : आईला माहीत आहे?

मामा : नाही. तिनं दुसरा हॉल लपवला, मी डॉक्टर लपवला. फिटंफाट.

भाची : आणि उद्याचं काय?

मामा : करडा घ्यायचा, ते ठरलं. माइकची काठी मी धरतो. माइक कधी कुणाच्या तोंडावर न्यायचा ते कानानं नाही कळत, ओठांवरून कळतं. डोळे शाबूत आहेत. हेडफोन दुसऱ्या कुणीतरी लावायचे.

भाची : दुसरं कोण? कॅमेऱ्यावर एक, दिव्यांवर एक, तू आणि मी. मी कानाला लावून बसले तर सीन कोण बघणार?

मामा : तोच प्रश्न आहे.

भाची : आणि तू लावलेस तर?

मामा : तर मी प्रत्येक टेकला स्वच्छ म्हणेन. आणि तू मान डोलावशील, या मालकांसारखी.

भाची : नाही डोलावणार.

मामा : त्या दुसऱ्या हॉलचं कधी सांगितलंस?

भाची : आज.

दुकानदार : फॉर्म भरून टाकू का? माइक करडा, काठी एक, मिक्सर एक, बॅटऱ्या आठ. ध्वनिमुद्रक म्हणून नाव कुणाचं लिहू?

भाची : मामा?

मामा : फिल्म तुझी आहे.

भाची : सकाळी फोन करून सांगितलं तर चालेल?

दुकानदार : चालेल, ताई. सामान आत्ताच घेऊन जा. बटण मधोमध ठेवलंय. नावाची ओळ तेवढी रिकामी आहे.