मधल्या वाटेवरची खुर्ची

(विद्यापीठाचं चर्च. रविवारची प्रार्थना संपून माणसं पांगली आहेत. मधल्या वाटेवर विजेवर चालणारी चाकांची खुर्ची. तिच्यात निवृत्त प्राध्यापक फादर, आणि चाकाशी पाना घेऊन बसलेली शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी.)

विद्यार्थिनी : हलू नका म्हटलं ना, फादर.

फादर : मी कुठं हलतोय? हलत नाहीये ती तुझी खुर्ची.

विद्यार्थिनी : चेष्टा नको. तासभर भर वाटेत अडकून पडलात. चौघांनी ढकललं तरी हलली नाही. मेणबत्त्या घेतलेली मुलं दोन्ही बाजूंनी वळसा घालून गेली. कुठं तोंड लपवू असं झालं मला.

फादर : त्यातला एक माझ्या पायावर पाय देऊन गेला. बरंय, माझ्या पायांना काही कळत नाही.

विद्यार्थिनी : हसताय काय? चूक माझी आहे. खुर्ची भरकटली तर बसलेल्यानं ओरडायचं, आवाज ऐकला की चाकं जागच्या जागी आवळायची, असा प्रोग्राम लिहिला मी. प्रयोगशाळेत किती वेळा ओरडून बघितलं.

फादर : माहीत आहे. माझ्या खोलीत ऐकू यायचं. मला वाटायचं, पोरगी नापास झाली.

विद्यार्थिनी : इथं ऑर्गन वाजतो, हे डोक्यातच आलं नाही. खुर्चीला वाटलं, तुम्हीच ओरडताय. एक गाणं संपेपर्यंत दुसरं सुरू. शेवटी सगळंच हँग झालं.

फादर : गाणी आज जरा जास्तच होती.

विद्यार्थिनी : फादर, उद्या माझं हे खुर्चीचं प्रोजेक्ट तपासायला परीक्षक येतायत. विभागप्रमुखांना सांगा, यादीतून माझं नाव काढून टाका. तुम्ही त्यांना गणित शिकवलंय, तुमचं ऐकतील.

फादर : शिकवलंय खरं. आलं किती, ते विचारू नकोस. पण नाव का काढायचं?

विद्यार्थिनी : चारचौघांत नापास होण्यापेक्षा बरं. वर्ष जाईल, जाऊ दे. आई म्हणतेच, घरातला फ्यूज बदलता येत नाही आणि निघाली इंजिनिअर व्हायला. आणि मी तुमच्या धर्मातली पण नाही. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा या दारातून आत आले, ते पण चाचणी घ्यायला. आणि तुमच्या प्रार्थनेचा विचका केला.

फादर : झालं बोलून? तो डावीकडचा खांब दिसतोय?

विद्यार्थिनी : दिसतोय.

फादर : चाकांच्या खुर्चीत बसायला लागल्यापासून माझी जागा त्याच्यामागं. वाट अडायला नको म्हणून. कुणी वाईट मनानं केलं नाही, अगदी प्रेमानं नेऊन ठेवतात. इतकी वर्षं मी खांबाकडे बघून आमेन म्हणतोय.

विद्यार्थिनी : मग कधी बोलला का नाहीत?

फादर : मलाही तेच वाटायचं, वाट अडेल. आज अडली. मुलं वळसा घालून गेली, एवढंच झालं. आणि मला समोरची काचेची खिडकी दिसली. तिच्यात एवढं निळं आहे, हे विसरूनच गेलो होतो. बरं वाटलं गं. रडलो थोडा.

विद्यार्थिनी : मी बघितलं. मला वाटलं, माझ्यावर चिडलात.

फादर : उद्या परीक्षकांसमोर मी या खुर्चीत बसेन. जे झालं ते जसंच्या तसं सांग. आता कसं दुरुस्त करशील, तेही सांग.

विद्यार्थिनी : हाताशी एक बटण. दाबलं की थांबेल. साधंच आहे.

फादर : मग आधीच का नाही बसवलंस?

विद्यार्थिनी : आवाजाचं जरा भारी वाटत होतं.

फादर : हेही सांग त्यांना.

विद्यार्थिनी : पास करतील?

फादर : ते मी कसं सांगू? पण तुझ्या खुर्चीत बसायला मी पुन्हा तयार आहे, हे मात्र त्यांना ठणकावून सांगेन.

विद्यार्थिनी : ठणकावून नको, फादर. पुन्हा अडकाल.

फादर : बरं, हळू सांगेन.

विद्यार्थिनी : सुटली बघा चाकं. चला. बटण आजच बसवते. पुढच्या रविवारी कुठं थांबायचं, ते तुम्ही ठरवा.

फादर : ठरलंय. इथंच.

विद्यार्थिनी : वाट अडेल.

फादर : अडू दे.