एकोणतीस आणि अकरा

आई : "चूक दिसली की लगेच खोडू नका, आधी 'कसं केलंस' ते विचारा." शाळा सुरू झाली तेव्हाच तुम्ही बजावलं होतंत, बाई. मी मान डोलावली आणि घरी जाताना नवं खोडरबर घेतलं.

बाई : आणि आता हा अर्ज?

आई : माझ्या टिकलीला शेजारच्या तुकडीत टाका. तिथं रोज वीस गणितं होतात. तुमच्याकडे अख्ख्या तासाला दोन! त्यात दर शनिवारी तुम्ही प्रशिक्षणाला. शिकायचं तुम्ही आणि मागे पडायचं आमच्या पोरींनी?

बाई : बसा तरी. बाक लहान आहे, गुडघे सांभाळा.

आई : बसायला वेळ नाही. मुख्याध्यापक पाचला निघतात. तुमची सही लागते.

बाई : देते. आधी ही वही बघा. मी तोंडी सांगितलं होतं, एकोणतीस आणि अकरा. तिनं काय लिहिलंय?

आई : एकोणचाळीस अधिक अकरा, पन्नास. साफ चूक. काल याच पानावरून मी तिला फटका दिला. तेव्हापासून अवाक्षर बोललेली नाही माझ्याशी.

बाई : एकोणचाळीस आणि अकरा किती?

आई : पन्नास.

बाई : मग बेरीज कुठं चुकली?

आई : शब्दांत पकडू नका हो मला.

बाई : शब्दानंच पकडलंय तिला. एकोणतीस म्हणा. शेवटी कानावर काय पडतं?

आई : तीस.

बाई : म्हणून तीन. आणि 'एकोण' आलं की नऊ, हे तिला पक्कं ठाऊक. झाले एकोणचाळीस. एकोणपन्नास सांगा, एकोणसाठ लिहील.

आई : हे तुम्हाला आधी नाही कळलं?

बाई : नाही. चौदा वर्षं नुसत्या फुल्या मारल्या. मग एका शनिवारी आम्हाला बनावट भाषेतले आकडे दिले, म्हणाले मोजा. सतराव्यालाच माझी दातखीळ बसली. बाजूचे सर फिदीफिदी हसले. शिकवणाऱ्या बाईंनी फक्त विचारलं, "कसं केलंत?" मला रडूच फुटलं.

(आई बाकावर टेकते.)

आई : म्हणजे टिकली बघून लिहीत नव्हती?

बाई : कुणाचं?

आई : तिच्या शेजारी बसायची, त्या दोन वेण्यांवालीचं. दोघींची उत्तरं सारखी, दोघींची चुकलेली. मला वाटलं, तीच हिला बिघडवतेय. मीच मुख्याध्यापकांना सांगून तिला मागच्या बाकावर बसवायला लावलं.

बाई : ते तुम्ही होतात?

आई : अर्ज द्या इकडे.

बाई : सही राहिलीय.

आई : नको सही. ती... येते ना शाळेत?

बाई : येते. वही कोरी ठेवते.

आई : बाई, टिकलीला मी आज घरी विचारते. त्या पोरीला घरी विचारणारं कुणी नाही. उद्या तिच्याकडे जरा बघाल? एकोणतीस लिहायला सांगा. आणि काहीही लिहिलं तरी खोडू नका.