मान खाली सोडा

— मान सोडा तिची, पाहुणे, खाली सोडा आधी — गाय खोकतेय आणि तुम्ही ओतताय? द्या ती बाटली इकडे. रागावलो नाही हो. वहिनीचे थोरले भाऊ तुम्ही, तुमच्यावर कसा रागावेन — पण गुराला औषध पाजताना ते खोकलं की हात थांबवायचा, तोंड खाली करू द्यायचं. दादानं मला पहिल्याच दिवशी शिकवलेलं. शाळेत काही डोक्यात शिरलं नाही माझ्या, पण खोकला डोळे मिटून ओळखतो. वैरण झटकली की कोरडा, ठसक्यासारखा — तो धुळीचा, वैरणीवर पाणी शिंपडा, जातो. दावं ओढलं की एकदाच खॉक — तो गळ्याचा, दावं सैल करा. ओला, घरघरीचा, नाक वाहतंय, खाणं सुटलंय — तो छातीचा, तिथं डॉक्टर बोलवा, शहाणपणा करू नका. आणि पाजतानाचा, तो सगळ्यात वाईट. का? घोट वाट चुकलेला असतो. फुफ्फुसात गेला की जनावर तीन दिवसांत आडवं.

दादाचा आधी धुळीचाच होता — पेंडीची पोती झाडायचा ना तो. मग ताप चढला, धड शुद्ध नाही, पोटात औषध जाईना. वहिनी उशाशी बसून बसून पार थकलेली, म्हटलं, तू पड जरा, मी देतो. चमच्यानं घेईना. मी काय कमी गुरांना पाजलंय? — हनुवटी वर केली, गालात बाटली लावली — ही नव्हे, दुसरी — आणि तो खोकला. मला वाटलं, नखरे करतोय. लहानपणी मला पाजताना तो माझं नाक धरायचा, गिळ गाढवा म्हणायचा. मीपण म्हटलं, गिळ गाढवा. हसत म्हटलं. आणि ओतलं.

तिसऱ्या दिवशी गेला, पाहुणे. दवाखान्यात विचारलेलं, जबरदस्तीनं काही पाजलंत का — मी म्हटलं, छे. धुळीचा खोकला आहे, म्हटलं, जुना.

असं बघू नका. बहिणीला न्यायला आलात ना, न्या, गायही न्या, मी कुठं अडवतोय — थांबा. हाक मारतेय वहिनी. कोण खोकलं, विचारतेय. जा तुम्ही आत. गाय खोकली म्हणून सांगा.