दुपारी दोन ते चार बंद

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून हकीकत सांगते ती अशी : वय ६६, धंदा घरगुती शिवणकाम, मला सगळे शिलाईवाल्या मावशी म्हणतात, राहणार मुलीकडे, दुसरा मजला. साहेबांनी कायमचा पत्ता विचारला. मी जुन्या घराचा सांगितला. साहेब म्हणाले, "तिथे तुम्ही राहत नाही." ते खरे आहे. आठ महिने झाले.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मी घरी एकटीच इस्त्री करत होते. दार वाजले म्हणून इस्त्री तशीच आडवी ठेवून गेले. परत येते तो अस्तराच्या कापडाने पेट घेतलेला. माझी पाचावर धारण बसली. मी घरच्या फोनवरून तातडीचा नंबर फिरवला. धुराने असा ठसका लागला की तोंडातून शब्द फुटेना. आग शेजारच्या सुताराने दोन बादल्यांत विझवली.

पोलिसांची गाडी माझ्या जुन्या घरी गेली. तिथे आता एक नर्सबाई भाड्याने राहतात. त्या ड्यूटीवरून येऊन झोपल्या होत्या. दार उघडेना म्हणून शिपायांनी कडी तोडली. बाईंना नाहक मनस्ताप झाला. कडी माझे जावई बसवून देणार आहेत.

गाडी तिकडे का गेली असे विचारले असता सांगते की, आमचा फोन इंटरनेटवरचा आहे. तारेचा फोन कंपनीने बंद केला तेव्हा जावयांनी जुनाच नंबर ठेवून एक डबा आणला. तो इंटरनेटच्या डब्याला जोडायचा आणि फोन त्याला. घर बदलले की डबा उचलायचा, नंबर तोच राहतो. पण पोलिसांना पत्ता दिसतो तो कंपनीकडे लिहिलेला. जावयांनी कानीकपाळी ओरडून सांगितले, "आई, पत्ता बदला." मी "करते हो, करते" म्हणत राहिले. विसरले होते का, असे विचारले असता, नाही. मला बदलायचा नव्हता.

माझा मुलगा अकरा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घर सोडून गेला. वडील आता नाहीत, हे त्याला ठाऊक नसावे. त्याला आमचा हाच नंबर पाठ आहे आणि तेच घर माहीत आहे. दोन्हीतले एक हातचे गेले होते. कागदावर तरी असू द्यावे असे मला वाटले. वेडेपणा म्हणा.

आज नर्सबाई ठाण्याच्या बाकावर माझ्या शेजारी बसल्या होत्या. रागाने आल्या होत्या, पण माझा धंदा कळल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच का त्या? दोन महिन्यांपूर्वी एक जण तुम्हाला विचारत आला होता." उंच, डाव्या भुवईवर व्रण. तो व्रण माझ्या कात्रीचा आहे, मुलगा चार वर्षांचा असतानाचा. त्याने सांगितले, "आठवडाभर रोज दुपारी करतोय, आईचा फोन लागतच नाही." बाईंना माझा नवा पत्ता माहीत नव्हता. तो "बरं, बघतो परत" म्हणाला आणि गेला. स्वतःचा नंबर ठेवला नाही.

फोन का लागला नाही, हे कुणी विचारले नाही, तरी लिहून घ्यावे. डबा तापायचा. माझ्या मशीनची मोटर तापली की तिला थंड होऊ द्यावे लागते, नाहीतर जळते. याचेही तसेच असणार असे समजून मी रोज दोन ते चार डब्याचे बटण बंद करून पडत असे. जावयांना विचारले नाही. चाळीस वर्षे मोटर सांभाळली, मला कोण शिकवणार!

दोन ते चार माझे मशीन बंद असते. आई तेव्हाच मोकळी असते हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. तो दुपारीच फोन करणार, एवढे माझ्या डोक्यात यायला हवे होते. नाही आले. अकरा वर्षे वाट पाहिली आणि वेळेला मीच बटण बंद केले.

पत्ता बदलण्याचा अर्ज आज देते. नर्सबाईंनी माझा नवा पत्ता हातावर लिहून घेतला आहे. कुणाविरुद्ध तक्रार नाही.

हवालदारांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले, मी बोलले तसेच आहे. फक्त एवढे वाढवावे : डबा चालू ठेवून आले आहे, पण घरी फोन उचलायला कुणी नाही. पावणेदोन झाले. सही लवकर घ्या, साहेब.