सीटखालची पांढरी पूड

जुनी गाडी पारखून घेणं किती थकवणारं असतं, ते मला विचारा. सहा रविवार गेलेत माझे त्यात.

धाटावला कंपनीत असलेल्या आमच्या नीलेशला आलिशान सेडानच हवी होती, तीही पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठणारी. चार वर्षांच्या ओव्हरटाइमचे पैसे होते. ते बुडू नयेत म्हणून मी, इंजिनीअर, स्कॅनर घेऊन सोबत जायचो. पाच गाड्या मी नापास केल्या. सहावी पेणला होती. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं तपासलं. स्कॅनरवर एकही दोष नाही. मी म्हटलं, "घे बाबा आता, आणि मला सोड."

त्या दिवशी नीलेशचे वडीलही आले होते. उभा जन्म मिठागरात गेलेला माणूस. ते मागच्या सीटवर बसले, खाली वाकले, पुढच्या सीटखालच्या लोखंडी पट्टीवरची पांढरी पूड बोटाला लावली आणि चाटली.

"बाबा, काय करताय? लोक बघतायत."

"ही गाडी खाडीच्या पाण्यात बुडालेली हाय."

मालक हसला. "काका, ती धुण्याची पावडर आहे."

"मग तू चाट."

मालकाने बोटसुद्धा लावलं नाही. किंमत मात्र लगेच दोन लाखांनी उतरवली. आम्ही निघालो.

रोह्याच्या एसटीत नीलेश मला म्हणाला, "पुढच्या रविवारी पनवेलला एक बघायचीय. तू दमलायस, घरीच थांब. बाबा येतायत."