लोखंडी कपाटाच्या आडचा रेडिओ

आमच्या शाहूपुरीतल्या घरात इंटरनेटवरचं गाणं पहिल्यांदा वाजलं, त्याचं श्रेय माझं नाही बरं का. दोन हजार नऊ साल असेल. ताईनं अमेरिकेहून वायफायवर चालणारा रेडिओ पाठवलेला. मी इंजिनिअर, म्हणून जोडायला बसलो. तीनदा पासवर्ड घातला, तिन्ही वेळा कनेक्शन तुटलं.

माझे वडील, आण्णा, जन्मभर रेडिओ दुरुस्त करत आलेले. ते शेजारी बसून निरखत होते.

"ह्ये येतंय कुठनं?"

"आतल्या खोलीत राउटर आहे, तिथनं."

"आणि मधी काय हाय?"

मधे आईचं लोखंडी कपाट होतं. आण्णांनी ते मला सरकवायला लावलं आणि रेडिओ लगेच जोडला गेला.

आवाज ऐकून आई आली. तिचं माहेर गडहिंग्लजचं, घरात कानडी बोलणारं.

"ह्याच्यावर कानडी लागतंय व्हय?"

मी एक कानडी स्टेशन लावलं. एक जुनं गाणं सुरू होतं. दुसऱ्या कडव्याला आई त्याच्याबरोबर गायला लागली, अगदी सुरात.

आण्णा रेडिओ सोडून तिच्याकडंच बघत राहिले.

"चाळीस वर्सं संसार केला," ते हळूच मला म्हणाले, "ही गाती, ह्ये मला ठावंच न्हवतं की."